बेगडाचा मासा

आमच्या आबांना समुद्रातला मासा धरायचं खूळ लागलं ते भाद्रपदात. उंब्रजच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी आमचा ऊस. दारात दोन म्हशी, एक बैलजोडी. समुद्र म्हणाल तर घाट उतरून पलीकडे, एसटीनं जायचं तर दिवस मोडायचा. आबा फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले, आणि नदी दारात असून त्यांनी तिच्यात कधी गळ टाकला नव्हता. असा माणूस एक दिवस सकाळी उठून म्हणतो काय, "दर्यातला मासा धराया जायाचं हाय. काठावर हुभं ऱ्हाऊन, खोटा मासा लावून." आई भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

पण त्याच्या आदल्याच दिवशी एक निरोप आला होता. माझा मोठा भाऊ कराडात डिझेल इंजिनाचं काम शिकला, आणि गुहागरच्या बाजूला खाडीवरच्या एका लाँचचं इंजिन दुरुस्त करायला म्हणून गेला तो तिकडंच राहिला. तिथल्या कोळ्याच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. घरी विचारलं नाही, सांगितलं तेही सगळं उरकल्यावर. आबांनी ऐकून घेतलं, पायताण घातलं, मळ्यात गेले आणि परत येऊन आईला म्हणाले, "आजपासनं मला ल्योक न्हाई." त्याला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात घरात दादाचं नाव निघालं नाही. आई देवापुढं पुटपुटायची तेवढंच. आणि त्या दिवशी उंब्रजच्या स्टँडवर कोकणगाडीचा ओळखीचा ड्रायव्हर आबांना बघून खिडकीतून ओरडला, "हवालदार, नात झाली तुमाला! दोघी बऱ्या हायत!" स्टँडवर निम्मं गाव. आबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. घरी आले आणि माळ्यावरची फौजेची पेटी खाली काढली.

पेटीत लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली एक चक्री होती. आबांची शेवटची नेमणूक गुजरातच्या किनाऱ्याला. तिथले साहेब रविवारी समुद्रावर जाऊन लांब काठीनं चकचकीत पत्रा पाण्यात फेकायचे, आणि चक्रीनं तंगुसाचा दोरा गुंडाळत तो ओढून घ्यायचे. पत्र्याला मासा समजून खरा मासा झडप घालायचा. आबा पिशवी धरून मागं उभे. पेन्शनीत निघताना साहेबांनी ती चक्री आबांना देऊन टाकली. म्हणजे आबांनी सगळा खेळ बघितला होता, पण साहेबांच्या पाठीमागून! पुढं काय बांधलेलं असायचं, केवढ्या वजनाचं, ते कुणाला माहीत.

आता कोणीही शहाणं माणूस म्हणेल की नातीला बघायला जायचंय तर जा की सरळ. पण सरळ जातील तर ते आमचे आबा कसले! ल्योक न्हाई असं एकदा म्हटल्यावर त्याच्या घरी कुठल्या तोंडानं जायचं? मासे धरायला मात्र माणूस कुठंही जाऊ शकतो. आईला हे पहिल्याच दिवशी कळलं. मला कळायला जरा वेळ लागला. आणि कळल्यावर मी जास्तच गोंधळले, कारण आबा ते मासे धरायचं काम खरोखर मन लावून करायला लागले.

आधी काठी. शिराळ्याकडच्या पाहुण्यांकडून वेळू आला. तो जाड निघाला. दुसरा आणला, तो शेंड्याला एवढा लवचिक की वाऱ्यानंच डुलायला लागला. तंगूस ओवायला काठीवर कड्या पाहिजेत. त्या कुठं किती अंतरावर बांधायच्या, ते आबांना आठवेना. डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "सायबाच्या काठीला बुडख्याला मोठी कडी हुती... का शेंड्याला?" मी म्हणायची, "मला काय इचारताय? मी हुते का तिथं?" मग मीच दोरा गुंडाळून कड्या बांधल्या, आबांनी त्यावर लाख लावली. कड्या वाकड्या बसल्या ते सोडा.

मग चमचा, म्हणजे साहेब फेकायचे तो पत्रा. कराडात तांबट आळीत गेलो. आबा तांबटाला म्हणाले, "पितळंचा चमचा पायजे, पर दांडा नको. आन् दोनी टोकाला भोक पाडा."

"दांडा न्हाई तर खायाचं कसं?" तांबट म्हणाला.

"आपन न्हाई खायाचं. माशानं खायाचं."

तांबटानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचे हंडे मोजायला लागले. "जाड ठिवू का पातळ?" त्यानं विचारलं, आणि इथं खरी पंचाईत झाली. जाड केला तर लांब जाईल, पण दगडासारखा तळाला बसेल. पातळ केला तर पाण्यात पानासारखा हलेल, पण फेकला की वाऱ्यावर परत आपल्याच अंगावर. आबा म्हणाले जाड, मी म्हटलं पातळ, मग आबा म्हणाले पातळ, तर मला जाड बरा वाटायला लागला. शेवटी दोन्ही केले. घरी येऊन ताटात मांडून बघितले तर दोन्ही सारखेच वाटले. म्हणजे मधलाच कुठलातरी झाला होता.

कुणीतरी आबांच्या कानात भरवलं की समुद्रातल्या माशाला करवतीसारखे दात, तंगूस कटकन तोडतो, म्हणून पुढं हातभर तार पाहिजे. तार कुठली? आबांनी दोन दिवस विचार केला आणि मला घेऊन मिरजेला निघाले. मला वाटलं दवाखान्यात चाललोय. तर गेलो ते सतारी बनवणाऱ्याच्या दुकानात! भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि मधे बसलेला कारागीर तार कानाशी धरून ऐकतोय. आबा म्हणाले, "तार पायजे. लय बारीक आन् लय चिवट."

"बाजाची देऊ की खरजाची?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. हवालदारानं आयुष्यात सतार ऐकली नव्हती, आणि मी तर बघितलीही नव्हती. आबा धीर करून म्हणाले, "तुटू नये असली द्या."

"कोण वाजवतं घरात? मुलगी का?"

"कुणी न्हाई," मी बोलून गेले. "दर्यात टाकायची हाय." त्या माणसानं पोलादी तारेचं भेंडोळं पुढं केलं. आमच्यानंतर दुकानात बराच वेळ हसणं झालं असेल. मला रस्त्यात लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आबा मात्र मिरजेच्या स्टँडवर ती तार दातानं चावून बघत होते.

सगळ्यात कहर लाकडाच्या माशानं केला. सुतारानं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे वीतभर मासे तासून दिले. आता ते चमकणार कसे? बेंदराला बैलांच्या शिंगांना लावायचा बेगड घरात शिल्लक होता, सोनेरी, रुपेरी, एक गुलाबीसुद्धा. आबांनी खळ करून तो बेगड माशांना चिकटवला. शिंगांचा उरलेला हिंगूळ पाठीवर ओढला. शेपटीला आमच्याच कोंबड्याच्या मानेची पिसं बांधली. कोंबडा आठवडाभर आबा दिसले की माळ्यावर चढायचा. पोटाखाली गळ लावले, पुढं सतारीची तार. ते मासे उन्हात वाळत घातले तेव्हा असे झगमगायला लागले की येणारा जाणारा थांबून बघायला लागला. शेजारचा म्हातारा चुलता एक मासा हातात घेऊन उलटा सुलटा करत म्हणाला, "रं गड्या, ह्यो कसला मासा? ह्याचं काटं तर भाईर हायती!"

बेंदूर आमचा, मासा समुद्रातला! पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. खरं सांगते, मला ते मासे लय आवडले होते. त्यांतला गुलाबी मी उशाशी घेऊन झोपले असते, गळ नसते तर.

नदीवर परीक्षा झाली. आबांनी काठी मागं नेली, फौजेतल्या कवायतीसारखा पाय पुढं टाकला आणि मासा जोरात फेकला. पाण्यात काहीच पडलं नाही. सगळे पाण्याकडं बघतोय, आणि मागं चुलता बोंबलतोय, "आरं माझा फेटा! फेटा गेला न्हवं!" मासा मागंच्या मागं त्याच्या फेट्यात अडकला होता आणि सगळा फेटा सुटून तंगुसाला लोंबत होता. काठावरची माणसं हसून हसून वाळूत बसली. आबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काठी जड पडतीया." मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

दिवाळी झाली. घरात एक पत्र्याचा डबा भरला: जाड चमचे, पातळ चमचे, सोनेरी मासे, रुपेरी मासे, नुसती पिसं बांधलेलं शिसं, एक फिरकी. एक ना धड भाराभर चिंध्या. रोज संध्याकाळी आबा डबा उघडायचे, सगळं घोंगड्यावर मांडायचे आणि मला विचारायचे, "ह्यातलं कुठलं न्यायचं?" पाणी गढूळ असलं तर चकचकीत बरं की मळकट? तिथला मासा वरच्या पाण्यात हिंडतो की तळाला? मी काय सांगणार? कराडात नदीतले मासे धरणाऱ्या भोयांना विचारलं तर ते म्हणाले, आमाला मरळ इचारा, शिंगाडा इचारा, दर्याचं आमाला ठावं न्हाई. गावात समुद्र बघितलेली माणसं होती, पण त्यांनी तो रेल्वेतून नाहीतर बोटीवरून बघितलेला. आमच्या साऱ्या ओळखीपाळखीत त्या किनाऱ्यावर काय चालतं हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याला विचारायचं नव्हतं. हे आबांना कळत होतं, मला कळत होतं, आईला कळत होतं. तरी आम्ही तिघं त्या घोंगड्याभोवती बसून डोकं खाजवत होतो.

जायचा दिवस ठरायचा आणि मोडायचा. एकदा शिसं कमी पडलं. एकदा चक्रीला तेल पाहिजे. एकदा म्हसवडचे पाहुणे आले. मग उसाची तोड आली. मग आबांना वाटायला लागलं की रुपेरीपेक्षा तांब्याच्या रंगाचा मासा बरा, आणि तांब्याच्या रंगाचा बेगड कुठं मिळेना. संक्रांत गेली. आई आबांच्या धोतराची घडी पिशवीत ठेवायची आणि आठवड्यानं काढून परत धुवायची. एक दिवस मी तिला न्हाणीत डोळे पुसताना बघितलं आणि माझं डोकं सणकलं.

आबा तेव्हा पिसं मोजत होते. मी डब्याचं झाकण धाडकन लावलं. "आबा, तुमाला मासा धरायचा हाय का दादाला भेटायचं हाय? मासा धरायचा आसंल तर नदी दारात हाय! आन् दादाला भेटायचं आसंल तर ह्यातलं कायबी नको, नुसती दोन पावलं पायजेत!"

बापाशी मी अशी कधीच बोलले नव्हते. आबा मला मारतील असं वाटलं, पण त्यांनी हातातली पिसं खाली ठेवली. म्हणाले, "आन् त्यानं दार लावलं तर?"

एवढंच. सहा महिने चमचे आणि तारा आणि बेगड, आणि आत हे! आईनंच सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीनं जावा. पोरीला संगं न्या."

"तू चल की," आबा म्हणाले.

"मी न्हाई. मी आले तर तुमी माझ्यामागं लपशीला," आई म्हणाली, आणि म्हशीला वैरण टाकायला निघून गेली.

पाटण, कोयना, कुंभार्ली घाट. गाडीत काठी मावेना म्हणून कंडक्टरशी भांडण झालं. घाटातल्या वळणांवर ती एकाच्या कानात शिरली, एकीच्या टोपलीत. मी खिडकीशी बसून भाचीसाठी एकामागून एक नावं मनात घोळवत होते, उगीचच. पोरीचं नाव काय ठेवलंय तेही आम्हाला माहीत नव्हतं. चिपळूणला गाडी बदलली. दुपारी उतरलो तेव्हा हवा अशी चिकट की पोलकं अंगाला बसलं. विचारत विचारत गेलो. माडांमधे एक लहान कौलारू घर, दारात वाळत घातलेली जाळी, आणि ओसरीवर एक बाई पोरीला पायांवर घेऊन बसलेली. तिनं आबांच्या हातातली काठी बघितली, माझं तोंड बघितलं. माझं तोंड दादासारखंच आहे. ती चटकन उठली.

"हे लाँचवर गेलेत," ती म्हणाली. "सांजेला येतील." डोक्यावरून पदर घेऊन तिनं आबांना नमस्कार केला, आत जाऊन तांब्या आणला.

आबांनी तांब्या घेतला नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. "आदी दर्या बघून येतो," मला म्हणाले, आणि डबा काखोटीला मारून चालायला लागले. तिनं तांब्या तसाच धरलेला. मला एवढा राग आला, एवढी लाज वाटली! तांब्या मी घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, आणि आबांच्या मागं पळाले.

समुद्र लांब होता. काळा कातळ आत आत गेलेला, मधे मधे डबकी, शेवाळ. आबा एकेका दगडावरून पार टोकाला जाऊन उभे राहिले. मी अलीकडं वाळूत बसले. एवढं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. कुठून सुरू होतं, कुठं संपतं, पलीकडचा काठ कुठं, काही पत्ता लागेना. माझं डोकंच बधिर झालं.

आबांनी जाड चमचा फेकला. तो तळाच्या दगडात अडकला, तो गेला. पातळ फेकला, वाऱ्यानं तो शेजारी येऊन पडला. मग सोनेरी मासा. तो पाण्यात गेला की पोट वर करून गरगर फिरायला लागला, आणि तिसऱ्या खेपेला वर काढला तर नुसतं लाकूड! खाऱ्या पाण्यानं खळ सुटली होती. बेगडाचे तुकडे लाटेवर चमकत हिंडत होते. रुपेरीचं तेच झालं. गुलाबीचं तेच. आबा खाली वाकायचे, डबा उघडायचे, नवं बांधायचे, परत फेकायचे. मासा काही त्या बाजूला फिरकला नाही. पण आबांनी मान वळवून घराकडं बघितलं नाही की थांबले नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. मी एकदा सहज बघितलं, तर ज्या डबक्यावरून मी उडी मारून गेले असते ते डबकं आता ओढ्याएवढं झालेलं. मला वाटलं, माझीच नजर चुकली. आभाळ निरभ्र. पाऊस नाही. आमच्या नदीला पाणी चढतं ते पावसानं, नाहीतर वर धरणाचं सोडलं तर, आणि धरणाचं सोडलं तर आधी दवंडी पिटतात. मी ओरडले, "आबा, पानी वाढतंय!"

आबांनी पायाकडं बघितलं आणि तिथूनच ओरडले, "वर कुटंतरी सोडलं आसंल! उतरंल घटकाभरानं!"

आणि मला ते पटलं, हो! मॅट्रिक झालेल्या मला. भरती ओहोटी भूगोलात पाठ केली होती, चंद्राच्या आकृतीसकट. पण पुस्तकातली भरती आणि हे पायाशी येणारं पाणी एकच, हे डोक्यात शिरलंच नाही. मी आपली पाणी उतरायची वाट बघत बसले.

मागून वहिनी धावत आली. पोर माझ्या मांडीत टाकली, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. आबा ज्या दगडावर होते त्याच्या चहूबाजूंनी आता पाणीच होतं.

"मामंजी, फिरा मागं! भरती लागलीय!"

"उतरंल की पानी," आबा म्हणाले. तिच्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

"ह्याला धरण नाही मामंजी! हा सांजेपर्यंत चढणार! हात द्या!"

आबांनी हात दिला नाही. ते डब्यासाठी खाली वाकले, आणि तेवढ्यात लाट आली. डबा उलटला. उरलेसुरले लाकडी मासे पाण्यावर पसरले, आबा त्यांच्यामागं एक पाऊल गेले आणि शेवाळावरून सरकले. मी किंचाळले. डोकं पाण्याखाली गेलेलं मला दिसलं. कडेवर पोर, मला पोहता येतं नदीतलं, जावं की थांबावं, पोर कुठं ठेवावी? वहिनीनं आबांच्या बंडीला मागून धरलं आणि वर ओढलं.

"काठी..." आबा ठसकत म्हणाले.

"जाऊ दे काठी! मला धरा! घट्ट!"

हवालदारानं काठी सोडली आणि तिचा खांदा दोन्ही हातांनी धरला. लहान पोरगं धरतं तसा. ती एकेक पाय चाचपत, ओरडत, "इथं ठेवा, इथं नको, आता थांबा, लाट जाऊ दे," अशी त्यांना घेऊन आली. वाळूवर आल्यावर आबा बसलेच. मी रडत होते आणि पोर माझं नाक ओढत हसत होती.

घरी नेऊन तिनं दादाची कोरडी लुंगी आणि सदरा आबांच्या पुढं ठेवला. चुलीजवळ पाट मांडला. भात आणि माशाचं कालवण वाढलं. आबांना तिच्या हातचं पाणी चाललं नव्हतं, आता काय करतात? आबा ताटाकडं बघत राहिले. बाहेर सांज होत आलेली. मग त्यांनी भात कालवला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

वहिनीचा चेहरा पडला. ती कोकणातली, तिला काय माहीत! आमच्याकडं पाहुणा म्हणून जेवायला बसलेला माणूस अळणी पिठलंसुद्धा वाहवा करून खाईल, पण मीठ मागणार नाही. मीठ कमी आहे हे ऐकवायचं ते फक्त घरच्या सुनेला. मी तिच्या कानात हे सांगितलं. तिनं मिठाचं भांडं आणलं आणि वाढताना तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटाबाहेर पडेल अशा बेतानं तोंड फिरवलं.

दादा दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. हाताला इंजिनाचं काळं. आपली लुंगी नेसून जेवणाऱ्या बापाकडं तो नुसता बघत होता. आबांनी त्याला बघितलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. तर त्यांनी पोरीकडं मान केली. "नाव काय ठिवलं हिचं?"

दादा म्हणाला, "न्हाई ठिवलं."

"म्हंजे?"

"आत्या न्हवती. आत्याबिगर कानात नाव कोन सांगनार?"

पोर आता रांगायला लागली होती. लोक बाराव्या दिवशी बारसं करतात. आबांचा हात ताटातच थांबला. "येवढी पोर बिननावाची ठिवली," ते म्हणाले, "माझ्या हट्टापायी." आणि ते रडायला लागले. बापाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. दादा पुढं येऊन त्यांच्याजवळ खाली बसला. मग आबांनी नाक पुसलं आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? आत्या हायस न्हवं? सांग नाव!"

"आत्ता?" मी म्हटलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, चार बायका नाहीत. पोर माझ्याकडं टकमका बघत होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, आणि घाटात घोळवलेली सगळी नावं डोक्यातून साफ गेली. एकही आठवेना. तोंडातून आलं ते आमच्या आईचं नाव.

"अगोबाई!" वहिनी म्हणाली. "सासूबाईंचं? मी हिला हाक कशी मारू?"

जितंजागतं माणूस घरात असताना त्याचं नाव ठेवत नाहीत आमच्यात. मी आबांच्या ओरडण्याची वाट बघत राहिले. त्यांनी हात धुतला, पोरीला मांडीवर घेतलं. उभ्या संसारात आईला त्यांनी "आगं", "ऐकलं का" यापलीकडं हाक मारली नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि पोरीला नावानं हाक मारली. पोरीनं वर बघितलं. त्यांनी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. आईचं नाव आबांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकायला आई तिथं नव्हती.